लाल ठिपक्याचा हात

सिस्टर, तुमचा हात परवा पुरा झाला. तुम्हाला जाऊन त्या दिवशी सव्वीस दिवस झाले होते. म्हणजे मला उशीर झाला. हे पहिल्यांदाच लिहून टाकतो, मग पुढचं लिहायला मोकळा.

तुमच्या कॉलेजातून फोन आला, शेख मॅडमवर अंक काढतोय, चार शब्द लिहून द्या. मी म्हटलं, मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, मला काय लिहिता येणार. तर तिथल्या बाई म्हणाल्या, बोलता तसं लिहा. आता बोलायचंच असेल तर मी तुमच्याशी बोलणार. बाकीच्यांनी बाजूला बसून ऐकावं. तुम्ही नर्सिंगच्या पोरींना किती वर्षं शिकवलं, कुठं कुठं नोकरी केली, ते लिहिणारे लिहितील. माझं तुमच्याशी एक भांडण अर्धं राहिलंय. ते पुरं केल्याशिवाय मला धड कामाला उभं राहवत नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते आठवतं का? नऊ वर्षं झाली. नाशकातल्या अंबडला, कारखान्यांच्या वस्तीत, माझ्या शेडसमोर तुमची स्कूटर थांबली, पायाशी चादरीत गुंडाळलेलं गाठोडं. मी तेव्हा कंपनीतून निवृत्त होऊन स्वतःचं सुरू केलं होतं. पंपाची वायसरं, गाड्यांचे रबरी बुश. एक हातप्रेस, एक भट्टी, आणि तयार मालाच्या कडा कापायला आमची सुमन. तुम्ही गाठोडं टेबलावर ठेवलं, मी आत हात धूत होतो, आणि सुमननं चादरीचं टोक उचलून बघितलं. आतून पाच बोटं बाहेर आली.

"अगं आई गं! हात हाय हात! माणसाचा!"

शेजारच्या शेडमधलं लेथ बंद पडलं. चार माणसं धावत आली. एकाच्या हातात पाना होता. तुम्ही मात्र ओढणी सावरत शांत उभ्या.

"वहिनी, ओरडू नका. खोटा आहे. टोचलं तरी याला दुखत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणालात, "तेच तर याचं दुखणं आहे, मिस्त्री."

हात परदेशी होता. गुलाबी, गुळगुळीत. मनगटापासून कोपरापर्यंत त्याची चाळणी झालेली. तुम्ही समजावून सांगितलं, की पोरी यावर सलाईनची सुई लावायला शिकतात, आतल्या नळीतून लाल पाणी फिरतं, सुई बरोबर लागली की ते पाणी सुईच्या मागच्या डबीत दिसतं. आता मात्र ते सगळीकडून गळतंय. ठिगळ बसेल का?

मी हात उलटासुलटा करून बघितला आणि माझा माज जागा झाला. म्हटलं, "ठिगळ कशाला? नवा करून देतो. याच्याहून भारी."

"भारी नको. खरा पाहिजे."

हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी कानामागे टाकलं. आमचं पुढचं सगळं भांडण त्या एका शब्दाचं होतं, हे आता कळतंय.

पहिला हात मी तीन आठवड्यांत केला. सिलिकॉनचा, एक बुडबुडा नाही, एक रेघ नाही. तुम्ही बघितला आणि विचारलंत, "हा कोणाचा हात?"

"कोणाचा म्हणजे? माणसाचा."

"कुठल्या गावच्या माणसाचा? माझ्या मुली उद्या पेठला जातील, सुरगाण्याला जातील, नाहीतर इथंच सिव्हिलला. असा दुधात बुडवलेला हात त्यांच्यापुढं कोण करणार आहे?"

मी बोलायच्या आत सुमननं आपला हात त्या गुलाबी हाताशेजारी ठेवला आणि म्हणाली, "माझा रंग घाला मग." त्या दिवसापासून मी लाल काव आणि काळा रंग मोजून मिसळायला लागलो, सुमनच्या हाताशी ताडून बघत. आजपर्यंत माझ्या शेडमधून गेलेला एकूण एक हात तिच्या रंगाचा आहे. नातेवाइकांत ती अजून सांगत असते, "माझ्या हाताला रोज पन्नास सुया टोचत्यात, तरी मी हूं का चूं करत नाय."

रंग जमला. मग तुम्ही डोळे मिटलेत, डाव्या हाताचं पहिलं बोट हातावर ठेवलंत, दाबलंत, सोडलंत. आणि म्हणालात, "ही शीर नाही. नळी आहे."

"नळीच हाय. मीच घातलीय."

"ते कळतंय ना, म्हणूनच."

मला राग आला होता. पस्तीस वर्षं रबरात घालवलेल्या माणसाला एक नर्सबाई शिकवणार? पण तुम्ही माझ्या रागाकडं बघितलंच नाही. पर्समधून रबरी पट्टा काढलात, माझ्या दंडाला बांधलात आणि म्हणालात, "आता तुम्ही डोळे मिटा. बोट ठेवा. दाबा. सोडा. परत वर येते का बोटाखाली? ती शीर. शेजारी दोरीसारखी लागते ना, वर न येणारी? ती सोडून द्या. ती स्नायूची."

सिस्टर, त्रेसष्ट वर्षं तो हात माझ्याच अंगाला होता. त्यानं मी प्रेस दाबली, नांगर धरला, पोरांना उचललं. आणि त्याच्या आत काय आहे हे मला एका दुपारी तुम्ही दाखवलंत. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. त्या वेळी मी एवढंच म्हणालो, "पट्टा सोडा, हात काळा पडला."

मग वर्षभर आपलं तेच. वरची कातडी किती जाड, तिच्याखालचं मांस किती मऊ, त्यात तेल किती, नळीची भिंत किती पातळ. तुम्हाला तो 'टक्' पाहिजे होता. सुई शिरेच्या भिंतीतून आत जाते तेव्हा बोटाला अगदी बारीक टक् लागतो, तो. कधी मी फोन करायचो, "आला टक्." तुम्ही स्कूटरवर यायच्या, सुई घालायच्या, मान हलवायच्या. "हा टक् नाही, हा धक्का आहे." मी भट्टी परत पेटवायचो. सुमन म्हणायची, या बाईला खूश करायचं म्हणजे देवाला खूश करणं सोपं. पण चहा तीच टाकायची, आणि तुमच्यासाठी त्यात आलं जास्त.

शेवटी एक दिवस तुम्ही सुई घातलीत. परत काढलीत, परत घातलीत. मग म्हणालात, "सहा बनवा."

ते सहा हात घेऊन मी तुमच्या वर्गात आलो तो दिवस मी विसरणार नाही. कॉलेज म्हणजे काय ते मी बाहेरूनच बघितलेलं. दारात चपला काढायला लागलो तर तुम्ही म्हणालात, "मिस्त्री, हे देऊळ नाही, चला आत." चाळीस पोरी उभ्या राहिल्या. एका आवाजात, "गुड मॉर्निंग सर." मी मागं वळून बघितलं, सर कोण आलेत म्हणून. तुम्ही म्हणालात, "हे आपले मिस्त्री सर. हात कसा होतो ते आज हे शिकवतील." आणि खडू माझ्या हातात दिलात.

मी फळ्यावर काही लिहिलं नाही. पण वीस मिनिटं बोललो. घरी येऊन सुमनला सांगितलं नाही. आज सांगतो, इथं, छापून.

त्याच दिवशी मी तुमची ती सवयही बघितली. पोरगी सुई घेऊन वाकली की तुम्ही मागून म्हणायच्या, "आधी सांग त्यांना." मग ती पोरगी रबराच्या हाताला म्हणायची, "आजी, थोडं टोचेल हं." मगच सुई. न बोलता टोचलं तर तुम्ही सुई काढून घ्यायच्या. मला हसू आलं होतं. "सिस्टर, रबराशी काय बोलता? त्याला कान नाय."

"कान पोरीला आहेत ना," तुम्ही म्हणालात. "तिचं तिनं ऐकलं तरी पुरे."

त्या वर्गात पहिल्या बाकावर पेठकडची एक पोरगी होती, जयश्री गावीत. बारीक, गप्प, पण हात स्थिर. माझ्या सहाही हातांवर तिची सुई पहिल्या खेपेला लागायची. मी तुम्हाला कोपरानं खुणावून म्हटलं होतं, "बघा, माल चांगला असला की पोरगी चुकत नाय." तुम्ही "हं" म्हणालात फक्त. ते "हं" मला आता रोज ऐकू येतं.

मधल्या त्या दुसऱ्या कामाचंही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मिस्त्रीनं लपवलं. तुम्ही एकदा कागदावर चित्र काढून आणलंत आणि म्हणालात, लघवीची नळी घालायला शिकायचं मॉडेल पाहिजे, बाईचं एक आणि पुरुषाचं एक. मी कागद उपडा घातला. "असलं काम माझ्या शेडमध्ये व्हायचं नाय. सुमन बसते इथं."

"वहिनींना विचारू का?"

"कोणाला काय विचारायचं नाय."

तेवढ्यात सुमननं कागद उचलला, सुलटा केला, नीट बघितला आणि म्हणाली, "एवढं लाजताय कशाला? चार पोरं काय पोस्टानं आली का?" तुम्ही दोघी हसून हसून स्टुलावर बसलात. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तुम्ही निघताना माझ्याजवळ थांबून म्हणालात, "मिस्त्री, लघवी अडकलेला माणूस मी रोज बघते. त्याच्याकडं लाज उरलेली नसते, फक्त कळ असते. शिकणारीचा हात चुकला तर ती कळ दुप्पट." मी तरी नाहीच म्हणालो. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आता खरं भांडण.

कंपनीत आमच्याकडे रीत होती. तयार माल टेबलावर यायचा, एकेक नग डोळ्याखालून जायचा. बरोबर असेल त्याला पिवळा ठिपका. काही चुकलं असेल, केसाएवढं जरी, तर लाल ठिपका, आणि तो नग कोपऱ्यातल्या पिंपात. लाल ठिपक्याचा माल गेटबाहेर गेला तर माणसाची नोकरी जायची. माझ्या हातून पस्तीस वर्षांत एक नग गेला नाही. पुढं स्वतःच्या शेडमध्येही मी तीच रीत ठेवली. दोन डब्या, दोन काड्या. माझ्याकडं शिक्षण नव्हतं, सिस्टर. माझ्याकडं तो पिवळा ठिपका होता.

गेल्या वर्षी मी भावकीतल्या लग्नाला वणीला गेलो होतो. तुम्ही आलात, पिंपात हात घातलात आणि लाल ठिपक्याचा एक हात काढून घेऊन गेलात. सुमननं जाऊ दिलं. त्या हाताचं काय झालं होतं, तर साच्याला माल चिकटू नये म्हणून आम्ही आतून साबणाचं पाणी फिरवतो. तो हात करताना ब्रश चुकून आतल्या नळीलाही लागला. मग मांसानं नळीला धरलंच नाही. बोट लावलं की शीर इकडं पळे, तिकडं पळे. सुई यायची आणि शीर बाजूला व्हायची. साफ वाया गेलेला नग.

मी परत आलो तर तुमचा फोन. आवाजात एवढा आनंद मी आधी ऐकला नव्हता.

"मिस्त्री, पाच जणींपैकी चार चुकल्या! वर्गात पहिल्यांदा घाम फुटला पोरींना. म्हाताऱ्या माणसाची शीर अशीच पळते. असे दहा करा."

"तो हात परत आणा."

"अहो, ऐका तरी..."

"लाल ठिपक्याचा माल हाय तो. माझ्या नावानं बाहेर जायचा नाय. परत आणा."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आणलात. तसाच चादरीत गुंडाळून, पहिल्या दिवसासारखा. टेबलावर ठेवलात आणि अगदी हळू म्हणालात, "मिस्त्री, तुमचे चांगले हात पोरींना खोटं सांगतात. सगळ्यांच्या शिरा सापडतात असं सांगतात."

आणि मी काय केलं? कडा कापायचं ब्लेड घेतलं आणि तुमच्यासमोर तो हात कापला. मनगटापासून कोपरापर्यंत, चार तुकडे. तुम्ही बघत राहिलात. तुकडे पिंपात टाकले. तुम्ही चादर घडी घातलीत, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि स्कूटर चालू केलीत. चहा गॅसवरच राहिला.

आठ महिने आपण बोललो नाही. सुमन म्हणायची, एक फोन करा, मेले का हात तुमचे. मी म्हणायचो, गरज तिला हाय. त्या आठ महिन्यांत तुम्हाला आजार कळला, तपासण्या झाल्या, औषधं सुरू झाली, केस गेले. आणि मी अंबडला बसून पिवळे ठिपके लावत होतो.

जयश्रीचा फोन आला. ती आता नर्स झालेली, तुम्ही जिथं दाखल होता त्याच वॉर्डात. "काका, मॅडम ॲडमिट आहेत. तुम्ही या." आणि रडायला लागली.

मी आलो तेव्हा ती बाहेर बाकावर बसली होती, तोंड ओढणीत. माझ्या सहा हातांवर कधीच न चुकलेली पोरगी. तुमच्या हाताला चार वेळा टोचून चारही वेळा चुकली होती. आत गेलो. तुमचे मालक अन्वरभाई उशाशी बसलेले. तुमचा हात मनगटापासून वर निळा. आणि तुम्ही, डोक्याला रुमाल बांधलेल्या, मला बघून पहिलं काय म्हणालात?

"बाहेर जाऊन जयश्रीला सांगा, तिची चूक नाही. तिला तुमचे हात शिकवले होते. माझा नव्हता शिकवला."

मग तुम्ही तो निळा हात पांघरुणावर पुढं केलात.

"घ्या मिस्त्री. हा लाल ठिपक्याचा माल. कापू नका फक्त."

अन्वरभाई म्हणाले, "बघा हो मिस्त्री, ऐका तिचं. मी तीस वर्षं ऐकतोय, मला काही झालं नाही." तुम्ही हसलात. मला हसता आलं नाही.

"डोळे मिटा," तुम्ही म्हणालात. "बोट ठेवा. वरची जाड लागते ना, निळी, दिसणारी? ती गेली. औषधानं जळून दोरी झाली. मुली तिलाच टोचतात, कारण ती दिसते. आता खाली या. अंगठ्याच्या बाजूला. सावकाश. दाबू नका, नुसतं ठेवा."

मला वेळ लागला. मग लागली. मऊ, बारीक, खोल. बोट जरा हललं की निसटली. परत शोधली. परत निसटली. माझ्या बोटाखाली तो कापलेला हात जिवंत होऊन पडला होता.

त्या क्षणी म्हणायला पाहिजे होतं की चुकलो. तेवढेच तीन शब्द, "सिस्टर, मी चुकलो." ते तोंडातून बाहेर आले नाहीत. मी म्हणालो, "पंधरा दिवसांत आणतो."

"पंधरा आहेत का ते डॉक्टरांना विचारून घ्या," तुम्ही म्हणालात.

बाहेर येऊन मी जयश्रीजवळ बसलो आणि तुमचा निरोप दिला. ती म्हणाली, "काका, दिसत होती शीर. दिसत होती तरी रक्त येईना." मी म्हटलं, "दिसत होती ती माझी चूक हाय, तुझी नाय." तिला ते कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं.

आता ऐका, माझी काय गत झाली. मी आयुष्यभर बरोबर करायला शिकलेला माणूस. चूक परत कशी करायची ते मला येईना. साबण किती लागला होता? ब्रश ओला होता की नुसता दमट? सुकू दिलं होतं का? तो हात शेडमध्ये असता तर उघडून बघितलं असतं. पण तो मी माझ्याच ब्लेडनं कापला होता, आणि पिंप कधीच रिकामं झालं होतं. पहिल्या हातात शीर चिकटून बसली. दुसऱ्यात इतकी सुटली की मनगटाकडं गोळा झाली. वरची मेलेली दोरी मी भरीव रबराची केली, ती लगेच जमली. खोटी शीर करायला मला काही अडचण आली नाही, सिस्टर. खरीला घाम काढला. सुमन रोज तुमच्या हाताची चौकशी करायची, आणि मला कळायचं नाही ती कुठल्या हाताचं विचारतेय.

सातवा घेऊन मी तुमच्या घरी आलो. तोवर तुम्हाला घरी आणलं होतं, जुन्या नाशकात, वरच्या मजल्यावर. तुम्ही हात मांडीवर घेतलात. डोळे मिटलेत. डाव्या हाताचं बोट ठेवलंत. अन्वरभाई चहाचा ट्रे धरून दारातच थांबलेले.

"अजून सरकू द्या," तुम्ही म्हणालात.

"सिस्टर, अजून सरकली तर कोणालाच लागायची नाय."

"मला लागली असती."

"तुम्ही म्हणजे काय सगळ्या झाल्या का?"

"मीसुद्धा पहिल्या दिवशी मी नव्हते, मिस्त्री. अजून सरकू द्या."

"नाय. हाच बरोबर हाय."

"बघा," तुम्ही म्हणालात आणि उशीला टेकलात. डोळे मिटलेलेच. हात मांडीवरच ठेवलात, माझा केलेला, आणि त्याच्यावर तुमचा. मी जिना उतरलो तेव्हा मनात हेच की पुढच्या वेळी पटवून देऊ.

चार दिवसांनी सकाळी अन्वरभाईंचा फोन आला.

कब्रस्तानात मी मागं उभा होतो. अन्वरभाईंनी हाताला धरून पुढं आणलं. तीन मुठी माती मीही दिली. माझ्या हाताला साबणाचा वास येत होता. भट्टी तशीच सोडून आलो होतो.

मग आठवा केला, नववा केला. अन्वरभाई चौथ्या आठवड्यात सातवा हात परत द्यायला आले. म्हणाले, "ती ठेवायला सांगून गेली नाही. म्हणाली होती, मिस्त्रीला लागेल." त्या हातावर तुम्ही पेनानं एक बारीक रेघ ओढून ठेवली होती, अंगठ्याच्या बाजूला, कोपराच्या खाली. शीर कुठवर सुटली पाहिजे त्याची. माझ्याशी भांडून झाल्यावर, मी जिना उतरल्यावर, तुम्ही ती ओढली असणार. मी मानणार नाही हे तुम्हाला माहीत होतं, आणि मी करणार हेही माहीत होतं.

दहावा बिघडला. अकरावा परवा निघाला. रेघेपर्यंत साबण लावलेला.

जयश्री ड्यूटी संपवून हात न्यायला आली. मी म्हटलं, आधी टोचून बघ. तिनं पट्टा बांधला, वरची निळी दिसली, सुई वळली आणि मी काही बोललो नाही. रक्त आलं नाही. दुसऱ्यांदा खालच्या शिरेला गेली, शीर पळाली. तिसऱ्यांदाही पळाली. ती थांबली. डोळे मिटले. डाव्या हाताचं पहिलं बोट ठेवलं, तुमच्यासारखं, अगदी तसंच. अंगठ्यानं कातडी खाली ओढून धरली. "मॅडम, थोडं टोचेल हं," म्हणाली. डबीत लाल पाणी आलं. सुमन कडा कापायची थांबली होती.

तर सिस्टर, भांडणाचा निकाल हा. अजून सरकायला पाहिजे होती. तुमचं बरोबर होतं. फक्त वरच्या दोरीचा रंग तुम्ही सांगितलात त्यापेक्षा मी जरा फिका ठेवलाय, आणि त्यात माझं बरोबर आहे. पोरींना तुमच्या हातासारखं चुकवायचं असेल तर दोरी जिवंत वाटली पाहिजे, थोडी आशा दाखवली पाहिजे. यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत आहे, आणि मी ऐकणार नव्हतो.

ते ड्रॉवरमधलं चित्रही काल बाहेर काढलं. सुलटं करून भिंतीला चिकटवलं. हसू नका.

परवा त्या अकराव्या हाताला मी मनगटाशी लाल ठिपका लावला. पिवळा नाही. लाल ठिपक्याचा माल आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मर्जीनं माझ्या दारातून बाहेर जाणार होता, माझ्या नावानं, आणि मला त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कुठल्याच पिवळ्याचा वाटला नव्हता. जयश्री चादर घडी करत होती. म्हणाली, "काका, तुम्ही इतके हात केलेत, कधी एकदा तरी सुई घातलीय का?"

नव्हती घातली. सुईची मला पहिल्यापासून भीती वाटते. हे तुम्हाला माहीत असणार, पण नऊ वर्षांत तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. त्याचेही आभार.

मी सुई घेतली. शीर माझ्या हातानं आत ठेवलेली, कुठं आहे ते जगात माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. डोळे मिटले. बोट ठेवलं. लागली. सुई टेकवली, आणि रबराला कान नसतात म्हणणाऱ्या माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सिस्टर, थोडं टोचेल हं."

शीर सरकली.